पट्टा तेलानं नाही, वाकवून मऊ होतो

प्रश्न : आमच्या दीड वर्षाच्या लॅब्रेडॉरसाठी चामड्याचा ट्रेनिंगचा पट्टा घेतला. दीड इंच रुंद, दोन थर शिवलेले, पितळी बक्कल आणि डी-रिंग (दोरी अडकवायची डी आकाराची कडी). आला तेव्हा लाकडी पट्टीसारखा ताठ होता, म्हणून रात्रभर खोबरेल तेलात बुडवून ठेवला. वरून चिकट झाला, ताठपणा मात्र तसाच. पुढे एकदा पावसात भिजला आणि आम्ही तो उन्हात वाळत घातला. आता वाकवला की करकर वाजतो आणि कुत्रा सारखी मान खाजवतो. ओळखीचे एक प्रशिक्षक म्हणाले, ‘पट्टा घालून ओढू द्या त्याला, आठवड्यात मऊ होईल.’ हे बरोबर आहे का? सोबत एक गोल, सरकता पट्टाही घेतला आहे. तोही असाच ताठ आहे.

उत्तर :

नमस्कार. पट्टा फेकू नका, आणि तूर्त कुत्र्याच्या गळ्यातही घालू नका. त्याआधी एक तपासणी करा. पट्टा दिवसाच्या उजेडात न्या आणि आठ-नऊ सेंटिमीटर जाडीच्या बाटलीभोवती सावकाश वळवा, गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून. वर बारीक सुरकुत्या उठल्या आणि पट्टा सरळ केल्यावर त्या विरल्या, तर वाजतंय ते फक्त वरचं आवरण आणि कोरडे पडलेले थर. रेघ तशीच राहिली, तिच्यात नख अडकलं आणि आत तुटलेल्या तंतूंचा भुसा दिसला, तर तिथलं चामडं मेलेलं आहे. त्यावर इलाज नाही. बक्कलजवळच्या घडीत किंवा डी-रिंगखाली अशी रेघ असेल तर पट्टा बाद समजा, कारण सगळा ताण तिथेच येतो.

तपासणीत पट्टा पास झाला असं धरून पुढे लिहितो.

आधी, तो इतका ताठ का होता? तुमचा पट्टा बहुधा झाडाच्या सालीच्या अर्कानं, म्हणजे टॅनिननं कमावलेल्या चामड्याचा आहे. खात्री करायची तर एखाद्या भोकाच्या आत किंवा कडेला डोकावून पाहा. आतला गाभा बदामी-तपकिरी असेल तर टॅनिनचा, निळसर-करडा असेल तर क्रोमचा, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेला. क्रोमचं चामडं पहिल्या दिवसापासून लवचीक असतं. टॅनिनचं सुरुवातीला ताठ असतं, पण वापरात मानेचा आकार घेतं आणि तो धरून ठेवतं. चांगला पट्टा याच चामड्याचा करतात तो त्यासाठीच.

त्यात तुमचा पट्टा दुहेरी. इथे थोडं गणित आहे. प्रत्येक थर साडेतीन मिलिमीटर जाड धरला, तर पट्टा गोल मिटल्यावर बाहेरच्या थराला आतल्यापेक्षा सुमारे २२ मिलिमीटर जास्त लांबी लागते. मान बारीक असो की जाड, हा फरक तेवढाच राहतो. शिवणकाम आणि गोंद मात्र दोन्ही थरांना एकमेकांवरून सरकू देत नाहीत. त्यामुळे बाहेरच्या थराला ताणावं लागतं आणि आतल्याला दबावं लागतं. हे काम तंतू हलवूनच होतं, थोडं थोडं करून. तेलानं तंतूंमधलं घर्षण कमी होतं एवढंच. तंतू जागचे हलवायचं काम तुमच्या अंगठ्यांचं.

तेल जास्त झालं की उलटा त्रास सुरू होतो. तंतूंमधल्या सगळ्या फटी भरतात, चामडं फुगतं, पिठाच्या गोळ्यासारखं ताणलं जातं आणि भोकं लांबट होतात. कमी तेलानं खराब झालेल्या पट्ट्यांपेक्षा जास्त तेलानं बिघडलेले पट्टे अधिक असतात, हे आमचं ठाम मत आहे. खोबरेलाची आणखी एक खोड म्हणजे २४-२५ अंशांच्या खाली ते गोठतं. थंड दिवशी पट्ट्यावर पांढुरकी साय दिसली तर ती बुरशी नसून हेच तेल असण्याची शक्यता आहे. केसांच्या ड्रायरची गरम हवा लांबून मारा. साय विरघळून गेली तर तेल, राहिली तर बुरशी. जवसाच्या तेलाचं तर नावच काढू नका. ते हवेत वाळून कडक पापुद्रा धरतं.

आता दुरुस्ती.

साचलेलं तेल आधी काढायचं. सुती फडक्यानं पट्टा दाबून पुसा, घासू नका. मग त्यावर दोन्ही बाजूंनी कॉर्नस्टार्च पसरा, अर्धा सेंटिमीटर तरी थर हवा, आणि २४ तास तसाच सोडा. मऊ ब्रशनं झटका. पावडर पिवळी, गोळेदार निघाली तर पुन्हा एकदा तेच करा. तुमच्याइतकं तेल प्यायलेल्या पट्ट्याला दोन ते तीन वेळा लागतील. टाल्कम पावडर वापरू नका. सुगंध पट्ट्यात राहतो आणि बारीक धूळ कुत्र्याच्या नाकाशी येते.

त्यानंतर साबण. सॅडल सोप (चामड्यासाठीचा खास साबण) किंवा साधा ग्लिसरीनचा साबण चालेल. स्पंज ओला करून घट्ट पिळा, साबणावर तीन-चारदा फिरवा आणि जो थोडा फेस येईल तेवढ्यानंच पट्टा पुसा. फेस चामड्यावर ठेवून भिजवत बसू नका. साबण अल्कलीचा असतो आणि चामडं किंचित आम्लधर्मी. जास्त वेळ राहिला तर चामडं काळवंडतं आणि कोरडं होतं. स्वच्छ ओल्या स्पंजानं दोनदा पुसून घ्या.

पुढची पायरी बरेच जण गाळतात, आणि तुमच्या उन्हात वाळलेल्या पट्ट्याला नेमकी तिचीच गरज आहे. उन्हात पाणी झपाट्यानं उडून गेलं की तंतू एकमेकांना चिकटून बसतात. ते सुटायला ओलावा सगळीकडे सारखा पोचला पाहिजे. कोमट पाण्यात बुडवलेल्या आणि पिळलेल्या स्पंजानं पट्टा दोन्ही बाजूंनी आणि कडांवरून एकसारखा ओला करा. कोमट म्हणजे हाताला जेमतेम उबदार. गरम पाणी अजिबात नको. टॅनिनचं भिजलेलं चामडं ७०-८० अंशांच्या आसपास आकसतं आणि मग ते कायमचं शिंगासारखं होतं. ओला पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन-तीन तास बंद ठेवा. बाहेर काढाल तेव्हा रंग सगळीकडे सारखा गडद दिसेल, हाताला गार लागेल, पण दाबल्यावर पाणी सुटणार नाही. एवढाच ओलावा हवा.

याच अवस्थेत वाकवायला सुरुवात करायची. पट्टा गुळगुळीत बाजू वर करून दोन्ही हातांच्या अंगठ्यांत आणि तर्जनीत धरा, हातांत चार-पाच बोटांचं अंतर ठेवा, आणि अंगठ्यांनी खालून वर ढकलून छोटी कमान करा. सोडा. दोन-तीन सेंटिमीटर पुढे सरका. पुन्हा कमान. साठ सेंटिमीटरच्या पट्ट्यावर एका फेरीत वीस-पंचवीस कमानी होतात. अशा आठ-दहा फेऱ्या करा. दिशा एकच ठेवायची, जशी मानेभोवती येणार तशी. उलट्या बाजूनं वाकवलात तर आतला थर ताणला जातो आणि मग तो पट्टा मानेवर गोल बसण्याऐवजी आतून चुण्या पाडतो. त्याच चुण्या केस कापतात. टेबलाच्या धारेवरून ओढणं, दुमडून वर वजन ठेवणं, हातोडीनं ठोकणं या सगळ्यानं चामडं एका रेषेत मोडतं आणि बाकीचं ताठच राहतं. बक्कलची घडी, म्हणजे बक्कलपासूनचे पहिले तीन सेंटिमीटर, मोकळे सोडा. घडी पडावी म्हणून तिथलं चामडं आधीच तासून पातळ केलेलं असतं.

फेऱ्या झाल्या की पट्टा बाटलीभोवती सैलसर गुंडाळा, सुती नाडीनं बांधा आणि सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी ठेवा. पूर्ण वाळायला एक ते दोन दिवस लागतात. घाई करू नका.

चामडं जवळजवळ वाळलं, पण अजून किंचित गार लागतंय, अशा वेळी तेल लावायचं. आतलं पाणी उडत जातं तसं तेल त्याच्या जागी शिरतं. चामडं कमावणारे हेच तंत्र वापरतात. कोणतं तेल? शुद्ध नीट्सफूट ऑइल, किंवा मधमाशांचं मेण आणि लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण) असलेला लेदर कंडिशनर. नीट्सफूट गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात. बाटलीवर ‘कंपाउंड’ असेल तर त्यात खनिज तेल मिसळलेलं असतं, ते टाळा. या तेलानं रंग एक-दोन छटा गडद होतो आणि परत फिकट होत नाही, हे आधीच माहीत असू द्या. तुमच्या पट्ट्यात खोबरेल आधीच मुरलेलं आहे, म्हणून या वेळी तेल नकोच. कंडिशनर, तोही वाटाण्याएवढा, सगळ्या पट्ट्याला मिळून. नवा, कधीच तेल न लावलेला पट्टा असता तर पाव चमचा तेल सांगितलं असतं, चहाच्या चमच्याचा पाव. थेट पट्ट्यावर ओतायचं नाही, फडक्यावर घेऊन चोळायचं. कडांवरून आणि भोकांच्या आतून कापसाच्या काडीनं फिरवा, कारण दुहेरी पट्ट्यात आतपर्यंत जायचे रस्ते तेच आहेत. २४ तासांनी कोरड्या फडक्यानं पुसा. फडक्याला तेल लागलं तर जास्त झालं होतं.

पुढचा आठवडाभर पट्टा कोरडाच वाकवायचा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं, गप्पा मारतानाही होतं. प्रगती मोजायला सोपी खूण आहे. बक्कल टेबलावर दाबून धरा आणि टोकाकडचे वीस सेंटिमीटर कडेबाहेर येऊ द्या. पहिल्या दिवशी टोक सरळ आडवं राहील. सात-आठ दिवसांनी ते आपल्या वजनानं तळहाताच्या रुंदीइतकं खाली झुकायला लागलं की पट्टा गळ्यात घालण्याजोगा झाला.

मान खाजवण्याबद्दल. नवा पट्टा घातला की कुत्रा तीन-चार दिवस खाजवतो, ते सवयीचं. त्यापुढे चाललं तर केस बाजूला करून कातडी पाहा. केस तुटून आखूड झालेत पण कातडी ठीक आहे, तर पट्ट्याची कड तीक्ष्ण आहे. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं कडेचा कोपरा हलकाच मोडा, कडेला पाण्याचं बोट लावा आणि जाडसर कॅनव्हासच्या तुकड्यानं जोरात घासा. कड तापून चकचकीत आणि गोल होईल. रंग निघून केसांना लागत असेल तर पांढरं ओलं फडकं पट्ट्यावर घासून खात्री करा. पण कातडी लाल, ओलसर, वास येणारी असेल, तर ते ओल्या पट्ट्याखाली झालेलं इन्फेक्शन असू शकतं. पट्टा काढून ठेवा आणि पशुवैद्यांना दाखवा. अशी जखम एका दिवसात पसरते. भिजलेला पट्टा कधीच गळ्यात राहू द्यायचा नाही, एक तासही नाही.

पट्टा पुन्हा सुरू करताना पहिले तीन-चार दिवस लीश (हातात धरायची दोरी) न लावता, घरातच, दहा-पंधरा मिनिटं. खाण्याच्या किंवा खेळण्याच्या वेळी घातलात तर त्याचं लक्ष मानेकडे राहत नाही. मग लीश लावून छोटे फेरे. दोन-तीन आठवड्यांनंतर रोजचं प्रशिक्षण. माप मानेचं घ्यायचं: पट्ट्याखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. हे माप सुरुवातीला दर आठवड्याला तपासा, कारण चामडं मानेवर बसत जातं तसा पट्टा सैल होतो आणि बहुधा एक भोक आत घ्यावं लागतं. भोक कमी पडलं तर खिळा ठोकू नका. खिळ्यानं तंतू फाकतात आणि ताण आला की चीर तिथूनच पळते. गोल पंचनं चार मिलिमीटरचं भोक पाडा, आधीच्या भोकापासून किमान दोन सेंटिमीटर अंतरावर.

आता प्रशिक्षकांच्या सल्ल्याकडे वळू. ‘ओढू द्या, मऊ होईल’ हे चामड्यालाही लागू नाही आणि कुत्र्यालाही नाही. ओढल्यानं पट्टा वाकत नाही, ताणला जातो. भोकं ओढली जातात आणि बक्कलचा काटा ज्या भोकात आहे तिथे एक खोल सुरकुती पडते. एवढं होऊन मागची बाजू तशीच ताठ राहते. कुत्र्याच्या बाजूनं पाहिलं तर ताठ पट्ट्याचा दाब सगळ्या मानेवर पसरण्याऐवजी खालच्या कडेवर, श्वासनलिकेवर येतो. आणि शिकायचं आहे लीश सैल ठेवून चालणं. ओढायला देऊन तो ओढायलाच शिकेल. तुमचा लॅब्रेडॉर आधीच जोरात ओढत असेल तर सराव हार्नेसवर, म्हणजे छाती-पाठीवर बसणाऱ्या पट्ट्यावर करा आणि पट्टा ओळखपत्रापुरता ठेवा.

नेहमीची निगा एवढी मोठी नाही. आठवड्यातून एकदा कोरड्या, मग किंचित ओल्या फडक्यानं आतली बाजू पुसा. तिथे जो काळा, मेणचट थर जमतो तो घाम नव्हे. कुत्र्याला अंगभर माणसासारखा किंवा घोड्यासारखा घाम येत नाही. तो केसांतला तेलकटपणा आणि धूळ असते. म्हणूनच घोड्याच्या सामानासाठी सांगितलेला ‘दर आठवड्याला तेल’ हा नियम इथे जसाच्या तसा चालत नाही. आतली बाजू कुत्राच थोडीफार तेलकट ठेवत असतो. साबण महिन्यातून एकदा. कंडिशनर दोन-तीन महिन्यांनी, आणि तोही गरज असेल तर: पट्टा वाकवल्यावर रंग फिका पडून परत येत असेल तर ठीक, बारीक पांढरट रेघा राहत असतील तर लावा. पावसात भिजला तर फडक्यानं टिपून सावलीत वाळवा. समुद्राच्या पाण्यात भिजला तर आधी साध्या पाण्यानं पुसून मीठ काढा, नाहीतर वाळल्यावर मिठाचे खडे तंतू कुरतडतात. कुत्रा रोज पोहत असेल तर पोहायला वेगळा, नायलॉनचा पट्टा ठेवा.

दमट दिवसांत बुरशी येते. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की तिला फार वेळ लागत नाही. पट्टा घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशनं झटका, व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पिळलेल्या फडक्यानं पुसा आणि वाळवा. ठेवायचा तो खुंटीवर टांगून किंवा सुती पिशवीत; प्लास्टिकमध्ये नाही. डांबराच्या गोळ्या आणि कापूर जवळपासही नकोत. दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत आणि पट्टा त्याच्या तोंडाजवळ असतो. घरगुती लेदर बामांमध्ये कधीकधी टी-ट्री तेल असतं. तेही कुत्र्याला घातक. बुटांचं पॉलिशही नको.

पितळी बक्कलवर, विशेषतः घडीच्या आत, हिरवा मेणासारखा साका जमेल. घाबरू नका, पितळातलं तांबं आणि चामड्यातलं तेल यांची ती अभिक्रिया आहे. पण पट्टा चाटणाऱ्या कुत्र्याच्या पोटात ते जायला नको, आणि शिवणीलाही ते बरं नाही. लाकडी टूथपिकनं खरवडा, जुन्या टूथब्रशनं साफ करा. धातूचं पॉलिश लावायचंच असेल तर खाली कागद सरकवून. बक्कलला एकदा लोहचुंबक लावून पाहा: भरीव पितळ चिकटत नाही, चिकटलं तर आत लोखंड आहे आणि मुलामा गेला की गंजेल. डी-रिंगचा जोड वितळवून सांधलेला हवा. दोन टोकं नुसती एकमेकांना टेकवलेली असतील तर जोरात हिसका बसला की ती फाकते. हे सगळं महिन्यातून एकदा पाहायचं, सोबत शिवणही. सलग तीन टाके तुटलेले दिसले तर चांभाराकडे नेऊन जाड पॉलिस्टर दोऱ्यानं शिवून घ्या. फेविक्विकनं चिकटवू नका. ते काचेसारखं कडक होतं आणि शेजारचं चामडं कापतं.

राहिला गोल सरकता पट्टा, आणि त्याबद्दल जास्त काळजी वाटते. हा पट्टा लीशला ताण आला की आवळतो आणि ताण गेला की लगेच सुटायला हवा. नवा ताठ असताना तो आवळतो, पण सुटत नाही. कुत्र्याच्या दृष्टीनं शिक्षा चालूच राहते, त्यानं बरोबर केलं तरी. तपासायला स्वतःच्या मांडीभोवती घाला, रिंग ओढा आणि सोडा. रिंग एका क्षणात स्वतःच्या वजनानं खाली घसरली पाहिजे. अडकून राहिली तर पट्टा अजून तयार नाही. गोल पट्टा वाकवायची रीत वेगळी: तळहातांमध्ये वातीसारखा वळायचा, जाडीला किंचित दाब देत, आणि रिंग त्याच्या सगळ्या लांबीवरून शंभर-दीडशे वेळा मागेपुढे सरकवायची. रिंग जिथून सरकते तेवढ्याच भागाला मेणाचा पुसट हात द्या. तेल नको, धूळ धरतं. कुत्रा तुमच्या डावीकडे चालत असेल तर समोरून पाहताना घातलेल्या पट्ट्याचा आकार इंग्रजी पी अक्षरासारखा दिसायला हवा. उलटा घातला तर मऊ झालेला पट्टाही सुटत नाही. आणि एकटा असताना, खेळताना किंवा बांधून ठेवताना हा पट्टा गळ्यात कधीच ठेवायचा नाही. कशाला अडकला तर सोडवायला बक्कल नसतं.